पोटदार धार

बेसा वस्तीतले आमचे शेजारी काका आमच्यासोबत फिरायला येताना दोन छोटे, न दुमडणारे चाकू हमखास आणत. दोन्हींची धार पोटदार, म्हणजे किंचित फुगीर. बांबू तासत त्यांची तुलना चाले. "हा पहा गा, लाकडात फसत नाही. तो जरा जड हाये."

परवा तलावाकाठी एक कुत्रं नायलॉनच्या जाळ्यात गळ्यापर्यंत अडकलं होतं. काकांनी चाकू काढला, पण तो हातात धरून ते जागीच उभे राहिले. शेवटी माझ्या बायकोनं तो घेऊन जाळं कापलं आणि कुत्र्याला सोडवलं.

परतताना गाडीत काका खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "मले भेव वाटलं गा. कुत्रं मरून राहिलं होतं, अन् मी नुसता उभा."

चाकू आमच्याकडेच राहिला. दुसऱ्या सकाळी तो द्यायला गेलो. त्यांनी दार उघडलं, पण हात पुढे केला नाही.