टीचेन कोचना कधी काढायचं

ड्वाइट पॉस्पिशिल अठराव्या वर्षी नेब्रास्कातल्या त्या लहानशा कॉलेजात अमेरिकन फुटबॉल खेळायला आला आणि मधली तीन वर्षं सोडली तर तिथून हललाच नाही. आधी व्हर्नन टीचेन कोचचा खेळाडू, मग चोवीस वर्षं त्यांचा सहायक. बचावफळी त्याच्याकडे. बाहेरगावी सामना असला की बसमध्ये दोघं पहिल्याच बाकावर शेजारी बसत.

त्या वर्षी संघ ओळीनं आठ सामने हरला. आदल्या दोन वर्षांत मिळून तीन जिंकलेले. आठवा तर घरच्या मैदानावर, बावन्न-तीन असा. सोमवारी सकाळी कॉलेजच्या अध्यक्ष मार्लिस हॉगेन यांनी ड्वाइटला बोलावून घेतलं.

"टीचेन जाणार हे ठरलंय," त्या म्हणाल्या. "प्रश्न एवढाच, की उरलेले दोन सामने त्यांना द्यायचे, की आजच थांबवायचं? एकतीस वर्षं झाली त्यांना इथे. तुमच्याइतकं त्यांना कुणी ओळखत नाही."

ड्वाइट भांडायच्या तयारीनं आला होता. येताना वाक्यंही जुळवली होती. पण तोंडातून निघालं, "आजच."

"का?"

"पोरं त्यांच्याशी फार चांगली वागायला लागलीत."

बाईंना कळलं नाही. मग त्यानं सांगितलं. पूर्वी पोरं कोचना टरकायची. नंतर नंतर चिडायची, पाठीमागे नकला करायची. परवा मध्यंतरात कोच बोलत होते, तर सगळी हेल्मेट मांडीवर घेऊन गप्प ऐकत होती. आजारी माणसाला भेटायला आल्यासारखी.

बाहेर पडल्यावर त्याला वाटलं, आता आतून काहीतरी हलेल. काही हललं नाही. बातमी दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून तो तडक कोचच्या खोलीत गेला. ते मेसमधून आणलेली चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा तिखट रस्सा, खात होते; सोबत तिकडच्या रीतीप्रमाणे दालचिनीचा गोड रोल.

"बस. कुठे होतास?"

"हॉगेनबाईंकडे. कोच, तुम्हाला आजपासून थांबवतायत. आज की हंगाम संपल्यावर, असं मला विचारलं. मी आज म्हणालो."

कोचनी रोलचा तुकडा चिलीत बुडवला आणि सावकाश खाल्ला.

"तुला कधीपासून वाटत होतं?"

"दोन वर्षं झाली."

"आणि दोन वर्षं माझ्या शेजारी बसून तू मला हवामान सांगत होतास."

कोचनी वाटी बाजूला सारली. मग म्हणाले, "शनिवारी त्या डाव्या कडेच्या पोराला दोन पावलं मागे उभा कर. पळण्यात कमी पडतो."

उरलेले दोन सामने ड्वाइटनं सांभाळले. पहिला हरले, दुसरा तेरा-दहा असा जिंकले. जिंकल्यावर कोचवर ओततात तशी पोरांनी बर्फाच्या पाण्याची बादली त्याच्या डोक्यावर उपडी केली. फोटोत तो हसतोय. घरी बायकोनं, रनेनं, विचारलं, "कसं वाटलं?"

"गार," तो म्हणाला.

जानेवारीत नवा कोच आला, तो आपली माणसं घेऊनच. ड्वाइट आता शेजारच्या गावातल्या शाळेत पोरांना गाडी चालवायला शिकवतो. मार्चमध्ये एकदा हार्डवेअरच्या दुकानात टीचेन भेटले.

"कसं चाललंय?"

"चाललंय. तुमचं?"

"बायको म्हणते, घरात पायात येता."

त्यांनी ड्वाइटच्या हातातला रंगाचा डबा फिरवून वाचला. "बाहेरच्या भिंतीवर हा टिकायचा नाही," म्हणत फळीवरून दुसरा काढून दिला. ड्वाइटनं मुकाट्यानं तो घेतला आणि रांगेत जाऊन उभा राहिला.