सरकार पक्षाची लक्ष्मीअक्का

सोमवार, शिगमा नुकताच झालेला. कर्नाटकातल्या जोयड्याच्या कोर्टाबाहेर हजर: जखमी लक्ष्मीअक्का, आरोपी म्हणून तिचा धाकटा दीर नागेश, त्याचे वकील आणि मी, शेजारीण. अक्काने घरून डबा आणला होता, तोही आरोपीसाठी.

"सकाळपासून उपाशी हाय त्यो," ती वकिलांना म्हणाली. "काय इचारायचं त्ये जेवल्यावर इचारू देत."

अक्का बाजारकुणंगच्या बाजूची, आमच्या वाडीतली. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. नागेशची पोरं तिच्याच चुलीपाशी वाढली. आवाज असा, की ती आपल्या म्हशीला हाक मारी आणि शेजारच्या म्हशीही उभ्या राहत. मी कामं लिहून करते याचं तिला भारी हसू यायचं. "सुमन, श्वास घ्यायचं लिवलंस न्हवं?" असं दारातूनच विचारायची.

भांडण बांधावरच्या फणसावरून झालं. नागेश फांदी तोडायला गेला, अक्का फांदीला लोंबकळली, आणि रागाच्या भरात त्याने कोयता फिरवला. मनगट उघडं पडलं. मग त्यानेच तिला पाठीवर घेऊन रस्ता गाठला आणि जीप थांबवली. दवाखान्यात टाके पडले. पोलीस आले तेव्हा अक्काने सगळं खरं, हातवारे करून सांगितलं. पोलीस त्याला दम देतील आणि सोडतील, एवढाच तिचा हिशेब. त्यांनी नागेशला नेलं तेव्हा हीच जीपच्या मागे धावली.

धारदार हत्याराची केस आपसात मिटत नाही, शिक्षा झाली तर तुरुंग, हे वकिलांनी परोपरीने समजावलं. ही केस आता सरकारची आहे म्हणाले.

"कापला माजा हात, आन् रडतंय सरकार?"

वकिलांनी फाईल मिटली. अक्कापुढे बरेच जण असेच हात टेकत.

पण खरा घोळ गावाकडे झाला होता. आमच्यात भांडण गावदेवापुढे नारळ ठेवून मिटवतात, दोघं एका पंगतीला जेवतात, आणि त्यानंतर त्या भांडणाचा उच्चार करायचा नाही. जो करील त्याला दोष. नागेश जामिनावर सुटून आल्यावर अक्का आणि तो कोर्टाआधीच हे सगळं करून मोकळे झाले होते. मला कळलं ते अक्का साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिली तेव्हा.

"हाताला काय झालं होतं?" न्यायाधीशांनी कानडीत विचारलं.

"आता बरा हाय, साहेब," अक्काचं उत्तर, तेही स्वच्छ कानडीत.

"कुणी मारलं?"

"त्ये देवाकडं मिटलंय. मला काडता यायचं न्हाई."

सरकारी वकिलांनी साक्षीदार फितूर झाल्याचं सांगितलं. त्याचा अर्थ कळल्यावर अक्का भडकली. "फितूर? मी? साहेब, ह्यास्नी आमच्या वाडीत पाठवा, कुणालाबी इचारू देत!" न्यायाधीशांनी हसू आवरलं आणि पुढची तारीख दिली.

परतताना जीपमध्ये मी म्हटलं, "अक्का, पडून लागलं म्हणालीस तर सुटेल तो."

"खोटं बोलू? देवाला नारळ दिलाय बाई, लाच न्हाई दिली."

शेवटी मी गावकऱ्यांना, म्हणजे देवाच्या मानकऱ्यांना गाठलं. त्यांनी देवाला गाऱ्हाणं घातलं आणि अक्काला कोर्टात एकदा बोलायची मोकळीक दिली. तेव्हापासून ती माझ्या पडवीत येऊन साक्षीचा सराव करी. मला न्यायाधीश म्हणून खुर्चीवर बसवी आणि मी वाकून बसले की रागवे.

"हात ह्येनंच कापला, साहेब. आन् पाठीवर घेऊन दवाखान्यात बी ह्येनंच नेलं. दोनी लिवा. एकच लिवू नका."

तारीख यायच्या आधी, लावणीच्या दिवसांत तिला ताप भरला. जोयड्याला नेलं, पुढे मोठ्या दवाखान्यातही नेलं. तिथून घरी आलं ते तिचं शरीरच. नागेशने अग्नी दिला.

वकिलांचं म्हणणं सरळ आहे. साक्षीदारच उरली नाही, मृत्यूचा दाखला कोर्टात दिला की केस टिकणार नाही. दाखला पंचायतीत मिळतो, घरच्या माणसाची सही लागते. घरचं माणूस म्हणजे नागेश.

"वैनीच्या मरणाचा कागद दावून मी सुटायचं?" तो म्हणतो. "न्हाई जमायचं."

"अरे, तिलाही हेच हवं होतं."

"तिला बोलायचं हुतं."

परवा पुन्हा गेले. त्याने ऐकून घेतलं, चहा दिला, आणि अक्काच्या शेतात पाणी फुटलंय म्हणून कुदळ घेऊन निघून गेला. दाखला आणायचा राहिलाच आहे.