मागं कोण बसणार?

लेलेसाहेब गाडीवर बसून माझ्या दुकानासमोर आले, पण उतरेनात. डाव्या हातानं त्यांनी विजेचा खांब धरला होता. उजवा पाय ब्रेकवर. डावा पाय हवेत, जमीन शोधत होता.

"मिस्त्री, जरा हात द्या."

"सीटचं काम आहे का?"

"आधी उतरवा. मग सांगतो."

मी हँडल धरलं, साइड स्टँड पायानं खाली पाडला आणि नवरदेवाला घोड्यावरून उतरवतात तसं साहेबांना उतरवलं.

मी सीटवाला. बिबवेवाडीत दुकान आहे. शाळा चौथीपर्यंत. त्यानंतर चाळीस वर्षं दुचाकीच्या सीटा केल्या. इंजिनातलं मला काही कळत नाही. गाडी आणि माणूस यांच्यामध्ये जे असतं तेवढं कळतं. म्हणजे फोम, त्यावरचं रेक्झिन आणि खालचा प्लास्टिकचा बेस. एवढ्यावर संसार झाला.

साहेबांची गाडी नवी कोरी. नंबरप्लेटसुद्धा लागली नव्हती. अ‍ॅडव्हेंचर बाईक म्हणतात तिला. दगडधोंड्यातून, ओढ्यातून न्यायची गाडी. म्हणून तिचं पोट जमिनीपासून वर ठेवतात आणि शॉकअप लांब देतात. पोट वर गेलं की सीट वर जाते. सीट वर गेली की माणूस वर जातो. पाय मात्र आईबापांनी दिले तेवढेच राहतात. साहेबांचे कमी दिले होते. उंची पाच फूट दोन इंच, तीही बुटासकट.

"कशी आहे गाडी?" मी विचारलं.

साहेब बँकेतून रिटायर झालेले. बोलताना हिशोबी. पण गाडीचं विचारलं तसे फुलले.

"काय सांगू मिस्त्री! खड्डे दिसतात, लागत नाहीत. बसच्या ड्रायव्हरच्या डोळ्याला डोळा भिडतो. काल एका रिक्षावाल्यानं मला वाट दिली. आयुष्यात पहिल्यांदा! चालू आहे तोवर मी राजा."

"आणि थांबली की?"

"थांबली की भिकारी. हिरव्या सिग्नलची भीक मागतो."

कर्वेनगरहून माझ्याकडे येताना त्यांनी मुद्दाम लांबचा रस्ता धरला होता, कारण त्यावर सिग्नल कमी. जिथं थांबावंच लागलं तिथं डिव्हायडरच्या कडेला थांबले, एक पाय वर टेकायला. आठ दिवसांत दोनदा पडले होते. एकदा सोसायटीच्या गेटात, वॉचमनच्या देखत. एकदा भाजीच्या हातगाडीजवळ, सगळ्या कोथिंबिरीवर.

"दुसऱ्यांदा मंडळी मागे होत्या," साहेब हळू आवाजात म्हणाले. "लागलं नाही. पण तिनं अट घातलीय. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं हंपीला जाणार होतो, याच गाडीवर. तिची फार वर्षांची इच्छा. आता म्हणते, तुमचे पाय टेकले तर मी बसेन. नाहीतर गाडी भाच्याला द्या आणि आपण रेल्वेनं जाऊ."

"मग रेल्वेनं जा की."

"मिस्त्री, मी बँकेत छत्तीस वर्षं खुर्चीवर बसलो. आता खुर्चीवर बसून हंपीला जायचं नाहीये मला."

हे मला पटलं. काम घेतलं.

साहेब म्हणाले, "सरळ दोन इंच उडवा." सगळे हेच म्हणतात. दोन इंच उडवले की खालचा बेस लागतो आणि वीस किलोमीटरनंतर माणूस उभा राहून गाडी चालवतो. पाय टेकत नाहीत यात उंचीचा दोष अर्धा, रुंदीचा अर्धा. सीट पुढून रुंद असली की मांड्या फाकतात आणि पाय बाहेरून फिरून खाली येतो. दोन्ही बाजू मांडीच्या जागी निमुळत्या केल्या की पाय सरळ खाली पडतो. उंचीचा एक इंच काढला तरी दोन इंचाचा फरक पडतो.

माप घ्यायची माझी रीत सोपी आहे. सीटवर खडूची पूड भुरभुरवायची, माणसाला बसवायचं, उठवायचं. पूड जिथून पुसली गेली तिथं वजन. उरली तिथला फोम नुसता शोभेचा. साहेबांना बसवलं. पँट पांढरी झाली, त्यांनी तक्रार केली नाही. मग सीट काढून बाकावर ठेवली, हॅक्सॉ ब्लेडनं बाजू उतरवल्या, ग्राइंडरनं गुळगुळीत केल्या. पुढं खोलगट केल्यावर साहेबांना मागं सरकायला जागा कमी पडत होती. म्हणून मागच्या सीटचा पुढचा ओठ, म्हणजे जिथं मागची सीट उचललेली असते तो कडेचा उंचवटा, तिरका कापला. साहेब ऐसपैस बसले.

कव्हर शेजारच्या गल्लीतल्या शिंप्याकडून शिवून आणलं. संध्याकाळी साहेबांनी दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकवले आणि माझ्याशी शेकहँड केला. खांब न धरता गेले. मी खूश. बऱ्याच दिवसांनी खूश होतो.

आठव्या दिवशी दुकानासमोर रिक्षा थांबली. आतून एक बाई उतरल्या. बारीक अंगाच्या, पांढरे केस कापलेले, पंजाबी ड्रेस, पायात कॅनव्हासचे बूट. रिक्षाच्या मागून लेलेसाहेब गाडीवर आले. दोन्ही पाय टेकवून थांबले, पण मान खाली.

"सीट तुम्ही केलीत?" बाईंनी विचारलं.

"मीच."

"मागे माणूस बसतं हे तुम्हाला ठाऊक होतं का?"

मी साहेबांकडे बघितलं. साहेब आरशात बघत होते.

"कात्रजच्या घाटात काल ट्रायल घेतली," बाई म्हणाल्या. "वर जाताना ठीक. खाली येताना यांनी ब्रेक दाबला की मी घसरून यांच्या पाठीवर. हे म्हणतात, 'जरा मागे सरक.' मी मागे सरकते. पुढचं वळण. परत पाठीवर. सातव्या वळणावर मी उतरले आणि बसनं घरी आले."

"मी बसच्या मागे मागेच होतो," साहेब म्हणाले.

"उपकार झाले. मिस्त्री, माप कोणाचं घेतलंत?"

"साहेबांचं."

"माझं?"

"तुम्ही आला नव्हता."

"बोलावलं होतंत?"

बोलावलं नव्हतं. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. का झालं नाही ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं.

माझी बायको कमल दुकानात कव्हरं शिवायची. मशीन दाराशीच. गिऱ्हाईक आलं की वर न बघता विचारायची, "मागं कोण बसणार?" कोणी म्हणायचं बायको, कोणी आई. कमल म्हणायची, "उद्या घेऊन या." आणल्याशिवाय मला ब्लेड लावू द्यायची नाही. मग त्या बाईला गाडीवर बसवून गप्पा मारत बसायची. कुठला गुडघा दुखतो? भाजीची पिशवी कुठं ठेवता? तुम्ही कमरेला धरता का खांद्याला? मी चिडायचो. काम पडलंय आणि ही गप्पा मारतेय. गप्पा संपल्या की माझ्या बाकाशी येऊन बोटानं दाखवायची, "इथं अर्धा इंच चढव. ती बाई पाय ताणून बसते." मी चढवायचो आणि विसरायचो. गिऱ्हाईक परत आलं नाही म्हणजे काम चांगलं झालं, एवढंच मला माहीत.

मी त्याला गप्पा समजत होतो. ते माप होतं.

कमल जाऊन आठ महिने झाले होते. ते विचारणारं दुकानात कोणी राहिलं नव्हतं.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "मागचा ओठ कापायला नको होता. तोच माणसाला घसरू देत नाही."

बाईंना भांडायचं होतं, ते राहून गेलं. "मग आता?"

"आता बसा. माप घेतो."

खडू भुरभुरवला. बाई फूटपेगवर पाय देऊन, साहेबांचा खांदा धरून वर चढल्या. या गाडीवर मागं चढायचं म्हणजे पायरी नसलेल्या माळ्यावर चढणं आहे. मी विचारलं, "गुडघा कुठला दुखतो?" विचारताना मला जरा अवघडल्यासारखं झालं. अशी सवय नव्हती.

"डावा. तुम्हाला कसं कळलं?"

"चढताना दिसलं. साहेबांना धरता कुठं?"

"धरत नाही. ते हलतात."

"मी हलत नाही, गाडी हलते," साहेब म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा, माझं माप चाललंय."

काम असं ठरलं. ओठाच्या जागी नवा कडक फोम सोल्युशननं चिकटवायचा, म्हणजे गोंदानं. मागच्या सीटला उतार पुढं होता तो मोडून जरासा मागं द्यायचा. पुढं साहेबांच्या मांडीच्या बाजू निमुळत्याच ठेवायच्या, पाय टेकले पाहिजेत. पण त्यांनी दोन बोटं पुढं सरकून बसायचं.

"म्हणजे माझी जागा गेली," साहेब म्हणाले.

"तेहतीस वर्षं मी सरकले," बाई म्हणाल्या. "आता तुम्ही सरका. आणि मिस्त्री, आजच करा. उद्या भाचा गाडी बघायला येतोय."

"कशाला बोलावलंस?" साहेबांचा आवाज बारीक झाला.

"बोलावलं नाही. तुम्ही पडल्याचं ऐकून तोच येतोय."

फोम चिकटवला, वाळत ठेवला. आकार बदलला म्हणजे कव्हर नवं शिवायला पाहिजे. शेजारच्या गल्लीतल्या शिंप्याला फोन केला तर तो गावाला, जत्रेला. चार दिवस येणार नव्हता.

बाईंनी दुकानात नजर फिरवली. दाराशी कमलचं मशीन होतं, त्यावर जुन्या रेक्झिनचा तुकडा टाकलेला.

"ते चालतं का?"

"मशीन चालतं. चालवणारी नाही."

"कधी?"

"आठ महिने झाले."

बाई 'अरेरे' म्हणाल्या नाहीत. त्यांनी रेक्झिन बाजूला केलं, चाकावरची धूळ ओढणीनं पुसली आणि म्हणाल्या, "तेल आहे का?"

तेल होतं. शिवायला मी बसलो. मला सरळ शिलाई येते, वळणाची नाही. वळणं कमल घ्यायची. दोनदा उसवलं. साहेब टपरीवरून चहा घेऊन आले. बाई दुकानाबाहेर फेऱ्या मारत होत्या. तिथं माझी मोपेड उभी असते, सोळा वर्षांची. त्यांनी तिची मागची सीट बघितली.

"ही कोणाची?"

"माझी."

"मागे कोण बसायचं?"

"तीच."

बाईंनी सीट अंगठ्यानं दाबली. कंपनीची आहे तीच, गाडीबरोबर आलेली. आता पाट झालाय तिचा. दुनियेच्या सीटा केल्या, तिच्याखालची सीट करायची राहिली. तिनं कधी म्हटलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. बाई अंगठा काढून आत आल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. पुण्यातल्या बाईनं अशा वेळी न बोलणं म्हणजे केवढं, ते पुण्यातल्या माणसालाच कळेल.

मी मान खाली घालून शिलाई पुरी केली.

चार वाजता सीट बसवली. मागच्या कोपऱ्यावर शिलाई वाकडी गेली होती. बाईंनी बोट ठेवलं.

"हे वाकडं आहे."

"आहे."

"दिसतंय."

"तुम्ही बसल्यावर दिसणार नाही."

साहेबांनी गाडी सुरू केली. पाय टेकले. बाई चढल्या. "घाटातून जाऊन येतो," साहेब म्हणाले. बाई म्हणाल्या, "जमलं तर दोघं येऊ, नाहीतर हे एकटे येतील सीट परत करायला." गेले.

तास गेला. मी बाक झाडला, खडू पुसला, मशीनवर रेक्झिन टाकावं की नाही यावर पाच मिनिटं घालवली. बस थांबली की मी बघत होतो, बाई उतरतायत का.

सवा तासानं गाडी आली. दोघंही होते. बाईंचे केस उभे राहिले होते आणि चष्मा नाकाच्या टोकावर आला होता. सवयीनं मी खांबाकडे बघितलं. साहेबांनी खांब धरला नाही.

"घसरलात?" मी विचारलं.

"नाही."

"गुडघा?"

"आहे तिथंच आहे." मग चष्मा वर ढकलून म्हणाल्या, "खाली येताना वळणावर सगळं शहर दिसतं हो. काल यांच्या पाठीशिवाय मला काही दिसलंच नव्हतं."

साहेबांनी तिथल्या तिथं भाच्याला फोन लावला. "येऊ नकोस रे. गाडी आम्हाला लागणार आहे."

दीड महिन्यानं हंपीहून फोन आला. गाडी एकदाही पडली नाही. वाळूत एकदा पडणार होती, पण साहेबांचे पाय पुरले. वाकडी शिलाई अजून टिकून आहे, असं बाईंनी मुद्दाम सांगितलं.

मशीनवर मी आता रेक्झिन टाकत नाही. वळणं थोडी थोडी जमतात. या कामातून शिकलो ते एवढंच: तक्रार घेऊन येतो त्याचं माप सगळेच घेतात. जो आलाच नाही त्याचं आधी घ्यावं.

परवा एक पोरगेला इंजिनिअर आला. तशीच उंच, नवी गाडी, डोक्यावर कॅमेरा लावलेलं हेल्मेट. "काका, सीट दोन इंच उडवायचीय."

मी मशीनवर होतो. वर बघितलं नाही.

"मागं कोण बसणार?"

"कोणी नाही काका. सिंगल आहे मी."

"मग बसेल तेव्हा या."

"अहो, पण तोपर्यंत मी काय करू?"

"तोपर्यंत खांब आहे."