बाईचा परवाना

माझे वडील तहसील कचेरीसमोर कडुलिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहायचे. सरकारी परवाना असलेले अर्जनवीस. एक लाकडी टेबल, त्यावर मराठी टाइपरायटर, समोरच्या माणसासाठी एक लोखंडी खुर्ची, आणि टेबलाखाली एक तांबूस रंगाची गावठी कुत्री. ती कोणाचीच नव्हती. एका उन्हाळ्यात सावलीला म्हणून येऊन बसली आणि तिथलीच झाली. दुपारी बाबांनी डबा उघडला की त्यातली अर्धी पोळी तिची.

बाबा तिला ‘बाई’ म्हणायचे. काम घेऊन येणारी कुठलीही स्त्री त्यांच्यासाठी बाईच असे. “बसा बाई, काय झालं ते सांगा,” असं दिवसातून वीस वेळा म्हणणाऱ्या माणसाला टेबलाखालचीसाठी वेगळं नाव सुचलं नाही. पुढं मी गावातल्याच शाळेत शिकवायला लागले आणि मुलं मलाही बाई म्हणू लागली, तेव्हा आई भडकली.

“पोरीले अन् कुत्रीले एकच नाव? शोभते का तुमाले?”

“दोघीबी मायं ऐकत नाहीत,” बाबा म्हणाले. “मंग फरक काय?”

बुलढाणा जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. बसस्टँड, कचेरी, आठवडी बाजाराचं मैदान आणि आमची वस्ती, सगळं पायी पंधरा-वीस मिनिटांत. बाबांच्या घराण्यात लिहायला शिकलेले ते पहिले. त्यामुळे दुसऱ्याचं दुःख कागदावर नीट उतरवणं हे त्यांना नुसतं पोटापाण्याचं काम वाटत नसे. रविवारी विहारात वंदनेला गेले तरी चार माणसं त्यांना बाजूला घेऊन कागद दाखवत, आणि बाबा चष्मा पुसून तिथंच वाचायला लागत.

तो चष्मा पुढं पुढं ते फार वेळा पुसू लागले. आम्हाला वाटलं, नंबर वाढला. बुलढाण्याला नेलं, तिथून संभाजीनगरला. काचबिंदू होता. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायचा प्रयत्न करू. ती टिकली नाही. दीड वर्षात बाबांना फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळायचं राहिलं.

एक दिवस त्यांनी टाइपरायटर घरी आणवला आणि हाताने चाचपत स्वतःच खाटेखाली सरकवला. त्यानंतर ते ओट्यावर बसून राहू लागले. तीस वर्षं दिवसा कधी घरी नसलेला माणूस. रस्त्यात पाऊल वाजलं की तिकडं तोंड वळवायचे, पाऊल निघून गेलं की परत समोर. शाळेतून येताना मला ते लांबून दिसत आणि मी पावलं हळू टाकायची.

आठवड्याभरात कुत्री घरी आली. बाबा सुटून घराकडं निघाले की अर्ध्या रस्त्यापर्यंत ती त्यांना सोडायला यायची, तो माग तिला ठाऊक असावा. आईने “हाड, हाड” करून हाकललं. ती फाटकाबाहेर जाऊन बसली.

“कोण हाये?” बाबांनी विचारलं.

त्यांचा आवाज ऐकला मात्र, ती आईच्या बाजूने घुसून आत आली आणि बाबांच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवून उभी राहिली.  उंबरा ओलांडू देणार नाही, एवढंच आईनं सांगितलं.

महिना-दीड महिन्याने मी एका शनिवारी दुपारी घरी आले तर ओटा रिकामा. आई शेजारी गेलेली, तिलाही ठाऊक नाही. मी तशीच पळत सुटले. विहिरीपाशी पाहिलं, बसस्टँडवर पाहिलं, आणि मग कचेरीकडं वळले. बाबा कडुलिंबाच्या पारावर बसले होते. हातात आईच्या जुन्या लुगड्याचा काठ गुंडाळलेला, त्याचं दुसरं टोक कुत्रीच्या गळ्यात.

“बाबा, आले कसे तुमी?”

“हिनं आणलं. मी फक्त धरून होतो.”

मला रागवायचं होतं. पण परीक्षेत पास झाल्याचं ऐकून आलेल्या मुलासारखा त्यांचा चेहरा झाला होता, मग मी पण पारावर बसले.

तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. घर ते कचेरी एवढाच एक रस्ता तिला पाठ होता आणि बाबांनाही तेवढाच हवा होता. ती भिंतीच्या कडेकडेने सावलीतून चाले. उघडी नाली आली की उडी मारण्याआधी क्षणभर थांबायची, ही तिची सवय. त्या थांबण्यावरून बाबा ओळखायचे आणि पायाने काठ चाचपायचे. मोटरसायकलला ती फार भ्यायची, म्हणून गाडीचा आवाज आला की जागीच उभी. तिची भीती बाबांच्या कामाला आली. सोमवारपासून ते पुन्हा टेबलावर बसू लागले. मजकूर ते सांगायचे, शेजारचे अर्जनवीस टाइप करायचे. कोणता अर्ज कोणाच्या नावे करायचा आणि कोणती गोष्ट आधी लिहायची, हे बघायला डोळे लागत नव्हते.

आमची शाळा त्याच रस्त्यावर. माझा वर्ग वरच्या मजल्यावर. रोज सव्वादहाच्या सुमाराला मुलं खिडकीकडं मान करून सांगायची, “बाई, तुमचे बाबा चालले.” मी फळ्याकडून वळून बघायची आणि परत लिहायला लागायची.

दोन वर्षं अशी गेली. मग बाजारात दोघा-तिघांना मोकाट कुत्री चावली आणि कचऱ्याच्या गाडीवरून पुकारा सुरू झाला. पाळीव कुत्र्यांची पालिकेत नोंद करा, लस टोचल्याचा दाखला जोडा, परवाना आणि गळ्यात घालायचा बिल्ला घ्या. बिल्ला नसलेली कुत्री मोकाट समजून उचलली जातील.

आम्ही कुत्रीला लस टोचून आणली आणि मी बाबांना घेऊन पालिकेत गेले. खिडकीमागचे बाबू पन्नाशीचे, सज्जन, बाबांना ओळखणारे. ते एकेक रकाना मोठ्याने वाचत भरू लागले. जात, गावठी. रंग, तांबूस. नाव?

“बाई,” बाबा म्हणाले.

बाबूंनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि लिहिलं. “पाळण्याचं कारण. राखण का शौक?”

“दोन्ही नाही. वाट दाखवणे.”

“तसं इथं नाही ना, काका. राखण लिहून टाकू.”

“राखण थे करत नाही, भाऊ. चोर आला तं शेपूट हालवीन.”

“मंग शौक लिहू.”

“मले शौक असता तं मी पोपट पाळला असता. जे हाये तेच लिहा.”

बाबू हसले, पण पेन खाली ठेवलं. “काका, आंधळ्या माणसाचे कुत्रे वेगळे राह्यते. त्याईले शिकवलेलं असते, त्याचं सर्टिफिकेट असते. हिचं हाये का काही?”

“मीबी कुठं शिकलो होतो? दुसऱ्याच्या बाजूले बसून पाह्यत गेलो, अन् अर्ज लिहाले लागलो.”

“तुमचं वेगळं हो.”

“काऊन वेगळं?”

मागं रांग लागली होती. मी बाबांच्या कानाशी म्हटलं, “बाबा, राखण लिहू द्या ना. काय फरक पडते?” त्यांनी मान हलवली. “जन्मभर लोकाईले सांगत आलो, अर्जात खोटं लिहू नका. आता मीच लिहू?” बाबूंनी कागद बाजूला ठेवला. वरिष्ठांना विचारून सांगतो म्हणाले. आम्ही परवान्याशिवाय घरी आलो, आणि मी वाटभर बाबांशी बोलले नाही.

चौथ्या दिवशी, दुपारच्या सुट्टीनंतरचा तास चालू असताना, शेजारच्या अर्जनवीसांचा फोन आला. कुत्री हॉटेलच्या टाक्यावर पाणी प्यायला गेली होती. पालिकेची गाडी आली, जाळी पडली, आणि गाडी तिला घेऊन गेली. मी शाळेतून धावत गेले. बाबा पारावर नव्हते. रस्त्याच्या मधोमध उभे होते. तिचं ओरडणं ऐकून ते आवाजाच्या दिशेने निघाले, आणि आवाज लांब गेल्यावर आपण कुठं आहोत हेच त्यांना कळेना. लोक हात धरायला आले तर ते झटकत होते. मी हात धरला तेव्हा त्यांनी बोटांवरून ओळखलं.

“नेलं तिले,” ते म्हणाले. “मी काहीच करू शकलो नाही, माय.”

बाबांना मी त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. डोळे गेले तेव्हाही नाही.

पकडलेली सगळी कुत्री पाण्याच्या टाकीमागच्या जुन्या कोंडवाड्यात ठेवली होती. पूर्वी मोकाट गुरं कोंडायचे, ती जागा. नसबंदीचं ऑपरेशन करून त्यांना परत सोडणार होते, मारणार नव्हते, पण तिथला कल्लोळ ऐकून कोणाला ते पटलं नसतं. मी बाबांना घेऊन तिथं गेले आणि आमची कुत्री आत आहे, असं तिथल्या कामगाराला सांगितलं.

“बिल्ला नव्हता म्हणून उचललं, मॅडम. आमाले काय माहीत कोणाची हाये.”

बाबांनी जाळीच्या दाराशी उभं राहून हाक मारली, “बाई.” वीस-पंचवीस कुत्री एकदम भुंकली.

“हाये का थे आत?”

“हाये, बाबा. कोपऱ्यात हाये. उठून नाही राह्यली.”

“दार उघडा.”

“काका, चावतीन ना!” कामगार म्हणाला. “तुमाले दिसत बी नाही.”

“दिसत नाही म्हणूनच भेव नाही वाटत. उघडा.”

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी नको म्हणायला हवं होतं. बाबांनी माझ्या हातातून आपला हात सोडवला आणि पाय घासत, हात पुढं करून आत गेले. किती दिवसांनी मी त्यांना असं, कुणाला न धरता चालताना बघत होते. बाकीची कुत्री भुंकत मागं सरली. बाबा चुकीच्या बाजूला चालले होते. ‘डावीकडं’ म्हणायला मी दाराशी सरकले. मधोमध पोचल्यावर ते थांबले आणि तिथंच उकिडवे बसले. हात जमिनीवर ठेवला. हाक मारली नाही.

बराच वेळ गेला. मग ती कोपऱ्यातून निघाली, पोटावर सरपटत, शेपूट पायात घालून, आणि त्यांच्या तळहातात तोंड खुपसलं.

“भ्याली होती का, बाई?” बाबा म्हणाले. “मीबी भ्यालो होतो.”

माझ्या शेजारी कोणीतरी खाकरलं. पालिकेतले ते बाबू होते. पकडलेल्या कुत्र्यांची यादी करायला आले होते, हातात फाइल तशीच.

“काका,” बाबा बाहेर आल्यावर ते म्हणाले, “आज मायी जबाबदारी, घेऊन जा. उद्यापासून मी स्थळपाहणी करतो.”

मला वाटलं, वेळ मारून नेतायत. पण दुसऱ्या दिवशी सव्वादहाला मुलं ओरडली, “बाई, तुमच्या बाबाच्या मागं कोणीतरी हाये!” मी खिडकीशी गेले. पुढं कुत्री, मग बाबा, आणि वीसेक पावलं मागं, फाइल काखेत धरून बाबू. नालीपाशी कुत्री थांबली, बाबा थांबले, बाबूही थांबले. पाहणीच्या दुसऱ्या दिवशी सोयाबीनचा ट्रॅक्टर अचानक गल्लीतून बाहेर आला. बाबू धावत पुढं आले, बाबांचा दंड धरायला हात लांबवला, आणि तसाच मागं घेतला. कुत्री आधीच रस्त्यावर बसली होती. लुगड्याचा काठ ताणला गेला होता आणि बाबा शांत उभे होते. तिसऱ्या दिवशी बाबू मागं नव्हतेच. बाबांच्या बरोबरीने, गप्पा मारत चालले होते.

त्या दुपारी ते अर्ज घेऊन कडुलिंबाखाली आले. शनिवार असल्यामुळे मीही तिथं होते. राखण आणि शौक दोन्ही खोडून त्यांनी शेऱ्यात लिहिलं होतं: ‘अर्जदार दृष्टिहीन असून कुत्री अर्जदारास वाट दाखविते. समक्ष खात्री केली.’

बाबांनी ते दोनदा वाचायला लावलं.

“‘कुत्री’च्या आंधी ‘सदर’ टाका,” ते म्हणाले.

बाबूंनी निमूटपणे ‘सदर’ टाकलं, आणि सही करून गोल शिक्का मारला.

त्यानंतर साडेचार वर्षं ती दोघं त्या रस्त्याने गेली आणि आली. पत्र्याचा बिल्ला गळ्यातल्या कडीवर वाजायचा. गल्लीच्या तोंडाशी तो आवाज आला की आई चहा ठेवायची. बिल्ला मिळाल्यापासून आईचं बोलणंही थोडं बदललं होतं. “सरकारी माणूस आला,” म्हणायची आणि ताटलीत दूध ओतायची. शेवटच्या थंडीत तिनं स्वतःची गोधडी कुत्रीला घातली, आणि उंबऱ्याच्या आत घातली. मी बघतेय असं दिसल्यावर म्हणाली, “जुनीच होती.”

कुत्री माघ महिन्यातल्या एका सकाळी ओट्यावरच्या कोवळ्या उन्हात गेली. मामाच्या शेताच्या बांधावर, बोरीखाली आम्ही तिला पुरलं. बाबांनी मातीत हात घालून जागा बघून घेतली. नंतर एका शिबिरात त्यांना पांढरी काठी मिळाली आणि काही महिने ते काठी घेऊन कचेरीत गेले. मी विचारलं, कशी आहे काठी?

“चांगली हाये,” म्हणाले. “फक्त काठी थांबत नाही. आपल्यालेच थांबा लागते.”

पुढं ते घरूनच मजकूर सांगू लागले, लोक ओट्यावर यायचे. आणखी दोन वर्षांनी तेही गेले.

आता आमच्या गावात कुत्र्याचा परवाना मोबाइलवरून निघतो म्हणतात. ते बाबू निवृत्त झालेत. परवा आठवडी बाजारात मेथी निवडताना भेटले. आईची चौकशी केली. मग म्हणाले, “ताई, तुमाले सांगितलं नव्हतं. मी त्या रस्त्यानं कधी कधी डोळे मिटून चालून पाह्यतो. दहा पावलं होत नाहीत माह्यानं.”

 मी त्यांच्या पिशवीचं तोंड उघडून धरलं. त्यांनी मेथीच्या दोन जुड्या आत ठेवल्या, आणि आम्ही कांद्याच्या ओळीकडं वळलो.