एमेट साइझमोर आणि ते करडं पिस्तूल

एमेट साइझमोरचा शब्द त्या खोऱ्यात शेवटचा मानला जाई, निदान पिस्तुलांच्या बाबतीत तरी. एकोणतीस वर्षं त्याने कोळशाच्या खाणीत विजेची कामं केली. खाणीला टाळं लागलं तेव्हा गार्लंड हॉस्किन्सने त्याला आपल्या बंदुकांच्या दुकानात काउंटरमागे उभं केलं आणि दोन-चार वर्षांतच लोक गार्लंडचं दुकान न म्हणता एमेटकडे जातो म्हणू लागले. पूर्व केंटकीच्या त्या डोंगरांत माणसं सहजासहजी कुणाचं ऐकून घेत नाहीत. एमेटचं मात्र ऐकत.

त्याची रीतच वेगळी होती. गिऱ्हाईक आलं की तो आधी कपाट उघडतच नसे. तळहात काचेवर पसरायला सांगे. बोटं किती लांब आहेत, सांधे सुजलेत का, ते बघे. मग विचारी, दिवसभर अंगात काय असतं, कमरेला पट्टा असतो का, गाडीत किती वेळ बसावं लागतं, घरात लहान पोरं आहेत का. खिसा भरून आलेल्या माणसाला कधी कधी स्वस्तातलं पिस्तूल देऊन पाठवी. एखादी बाई तळहातात मावेल असं इवलंसं मागायला लागली की तिला समजावी, जितकं लहान तितकं ते हातात जास्त उसळतं, मग हात दुखतो म्हणून सराव राहून जातो आणि सराव नसलेलं पिस्तूल पर्समध्ये नुसतं ओझं होऊन बसतं. खोटं बोलायची त्याला गरज पडत नव्हती. सहा वर्षांत एकदाही पडली नव्हती.

गरज पडली ती त्या करड्या पिस्तुलामुळे.

लुईव्हिल शहरातल्या बंदुकांच्या प्रदर्शनात एका नव्या कंपनीने ते मांडलं होतं. लांबीला वीतभर, चपटं, शर्टाखाली दिसणार नाही असं, आणि किंमत नावाजलेल्या पिस्तुलांच्या जेमतेम निम्मी. एमेटने तिथेच पन्नास गोळ्या झाडून पाहिल्या. एकही अडकली नाही. डोंगरातल्या माणसाला परवडेल आणि वेळेला दगा देणार नाही असं पिस्तूल आपल्याला सापडलं, ह्या आनंदात तो घरी परतला. गार्लंड म्हणाला, ह्या कंपनीचं नाव कधी ऐकलं नाही. एमेट म्हणाला, माझ्या भरवशावर मागव. गार्लंडने डझनभर मागवली.

महिना-दीड महिन्यात दोन परत आली. एक ट्रक चालवणाऱ्याने आणलं, एक केस कापणाऱ्या बाईने. शंभरेक गोळ्या झाल्या की झाडलेल्या गोळीची रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाईना, आतच अडकून राही. एमेटने मागच्या खोलीत दोन्ही खोलून पाहिली. पुंगळी ओढून काढणारा आकडा मऊ लोखंडाचा होता, धार गेलेल्या सुरीसारखा झिजला होता. प्रदर्शनात तो कोराच होता, म्हणून पन्नास गोळ्यांत काही कळलं नव्हतं.

गार्लंडला सांगितलं असतं तर सगळी खोकी त्याच दिवशी कंपनीकडे परत गेली असती. पण एमेटने सांगितलं नाही. त्याने त्या दोघांना दुसऱ्या चांगल्या कंपनीची पिस्तुलं दिली, वरचे पैसे स्वतःच्या खिशातून भरले, आणि गार्लंडला सांगितलं की गिऱ्हाइकांचं मन बदललं. दोन वाईट निघाली, बाकीची चांगली असतील, असं तो स्वतःला समजावत राहिला.

मार्च महिन्यात ट्वायला नेपिअर आली. ती एमेटच्याच चर्चमधली, चव्वेचाळीस वर्षांची, म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांची सेवा करण्याचं काम करायची. दऱ्याखोऱ्यांतल्या एकट्या घरांत जायचं, अंथरुणाला खिळलेल्यांना आंघोळ घालायची, बीन्स आणि मक्याचा पाव भरवायचा, औषधं द्यायची. एका घरी तिथल्या म्हाताऱ्याचा नातेवाईक तिच्या गाडीसमोर आडवा उभा राहिला होता आणि बराच वेळ हललाच नव्हता. तेव्हापासून तिला झोप लागत नव्हती. तिच्या कंपनीचा नियम कडक होता, कामावर हत्यार नेलं तर काम गेलं. ती म्हणाली, मी अंगरख्याखाली लपवीन, कुणाला कळणार नाही, पण मला तीनशे डॉलरच्या वर परवडणार नाही आणि एकदा घेतलं की ते चाललंच पाहिजे.

तिने काचेवर हात पसरला. माणसं उचलून उचलून रुंद झालेला, घट्ट हात. एमेटच्या मनात पटकन आलं ते एक जुनं रिव्हॉल्व्हर. पोलिसांनी वापरून विकलेलं, ओबडधोबड, पण त्यात अडकण्यासारखं काहीच नव्हतं, आणि किंमतही तिच्या आवाक्यातली. त्याचा हात कपाटात त्या रिव्हॉल्व्हरपर्यंत गेला. त्याच सकाळी गार्लंडने विचारलं होतं, तुझी ती करडी कपाटातून का हलत नाहीत रे. हात तिथून करड्या पिस्तुलाकडे सरकला.

"हे घे," तो म्हणाला. "चपटं आहे, अंगरख्याखाली दिसायचं नाही."

तिने दुसरं काही बघितलंसुद्धा नाही.

एप्रिलमध्ये ती परत आली. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. पिस्तूल काउंटरवर ठेवून तिने विचारलं, "ब्रदर एमेट, गोळ्यांच्या दर दुसऱ्या मॅगझिनला हे अडकतंय. माझंच काही चुकतंय का?"

हा प्रश्न तिने तसा विचारला नसता, पिस्तूल खराब आहे असं म्हणाली असती, तर एमेट कदाचित खरं बोलून गेला असता. पण दार तिनेच उघडून दिलं. मनगट ढिलं असलं की चांगलं पिस्तूलही कधी कधी अडकतं हे खरंच होतं. म्हणून खोटं बोलणं आणखी सोपं गेलं.

"मनगट सैल सोडतेस तू," तो म्हणाला. "घट्ट धर. अजून शे-दोनशे गोळ्या झाड, रुळेल ते."

त्याने तिचा हात सरळ करून दाखवला, मनगट कसं ताठ ठेवायचं ते शिकवलं. जाताना ती त्याचे आभार मानून गेली. त्याच आठवड्यात त्याने आणखी एक करडं पिस्तूल विकलं, होबर्ट मॅडन नावाच्या म्हाताऱ्याला.

मे महिन्यात एकदा जेवताना एमेटची बायको रीव्हा हसत हसत सांगत होती की ट्वायला रोज टीव्ही बघताना पाण्याने भरलेला डबा हात लांब करून धरून बसते, मनगट बळकट व्हावं म्हणून. एमेटने ताट बाजूला सारलं. पोट बिघडलंय म्हणाला.

जूनमध्ये ते घडलं. ट्वायला एका म्हातारीच्या घरून निघून गाडीकडे चालली होती आणि शेजारच्या पडक्या घरातले दोन मोठे कुत्रे तिच्या अंगावर आले. तिने पिस्तूल काढलं. पहिली गोळी मातीत गेली, दुसरी सुटलीच नाही. अडकलेलं पिस्तूल तिने एका कुत्र्याच्या तोंडावर आपटलं, पण डावा हात त्याच्या जबड्यात गेला होता. म्हातारीने खिडकीतून आरडाओरडा करून माणसं जमवली म्हणून ती वाचली. हातावर दोनदा शस्त्रक्रिया झाली. दोन बोटं आता वाकणार नाहीत असं डॉक्टर म्हणाले. पिस्तुलाची गोष्ट तिच्या कंपनीच्या कानावर गेली आणि ती इस्पितळातच असताना तिला कामावरून काढल्याचं पत्र आलं.

एमेटला हे सगळं एकदम नाही, तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं, कधी रीव्हाकडून, कधी गिऱ्हाइकांकडून. इस्पितळात रीव्हा दोनदा जाऊन आली. तो गेला नाही.

जुलैमधल्या एका शनिवारी सकाळी दुकानात चार-पाच माणसं होती, गार्लंडही होता. ट्वायला आत आली. हात पट्ट्यांत गुंडाळून गळ्यात अडकवलेला. माणसं बाजूला झाली. ती सरळ एमेटपाशी आली आणि मान खाली घालून म्हणाली, "तुम्ही शिकवलं होतंत. पण त्या वेळी भान राहिलं नाही, मनगट सुटलं असणार. लोक आता तुमच्या पिस्तुलाला नावं ठेवतात. मला माफ करा."

गार्लंड तिला समजावत म्हणाला, अगं, अशा वेळी कुणाचंही सुटतं. मग त्याने एमेटकडे पाहिलं, त्यानेही काहीतरी बोलावं म्हणून.

"हो," एमेट म्हणाला. "सुटतं कधी कधी."

एवढंच. पुढे आयुष्यभर त्याला त्या कुत्र्यांपेक्षा, त्या बोटांपेक्षा, स्वतःचा तो 'हो' जास्त टोचत राहिला. आधी जे केलं त्याला काही ना काही सबब होती. ह्याला नव्हती. ती समोर उभी होती, माफी मागत होती, आणि त्याने ती मागू दिली.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये, ज्याला देवाच्या कृपेची साक्ष द्यायची असेल त्याने उठावं असं पाद्री म्हणाले तेव्हा ट्वायला उठली. देवाने जीव वाचवला म्हणून तिने आभार मानले. मग म्हणाली की लोक ब्रदर एमेटला दोष देताहेत ते बरोबर नाही, त्यांनी मला सगळं नीट शिकवलं होतं, चूक माझी होती. बाकांवरून दोन-तीन जणांनी आमेन म्हटलं. शेजारी बसलेल्या रीव्हाने अभिमानाने नवऱ्याचा हात दाबला. लोक प्रार्थनेसाठी उभे राहिले तेव्हा एमेट एकटाच बसून राहिला. पाहणाऱ्यांना वाटलं, त्याला गहिवरून आलंय.

सोमवारी सकाळी तो तिच्या घरी गेला. ती ओसरीवर बसून एका हाताने शेंगा सोलायचा प्रयत्न करत होती. त्याला बघून उठायला लागली, तेव्हा तो म्हणाला, बस, आणि स्वतः पायरीवरच उभा राहिला. टोपी काढली आणि सगळं सांगितलं. आधी परत आलेली ती दोन पिस्तुलं, झिजलेला आकडा, कपाटातलं रिव्हॉल्व्हर, मनगटाची गोष्ट. मध्ये एकदा 'मला वाटलं होतं' असं म्हणायला लागला आणि थांबला, कारण पुढे जे येणार होतं तेही खोटंच होतं.

ट्वायलाने हातातली शेंग टोपल्यात ठेवली.

"मी आले होते तेव्हा, एप्रिलमध्ये," ती म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं."

"आणि काल चर्चमध्ये मी बोलत होते तेव्हा तुम्ही ऐकत बसलात."

ती रडली नाही, आवाजही चढवला नाही. तसं केलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. मग तिने विचारलं, "अजून किती जणांकडे आहेत?"

"पाच."

"मग इथे कशाला उभे आहात?" ती म्हणाली आणि शेंगांचं टोपलं उचलून आत गेली. जाळीचं दार आपटलं नाही, हलकेच मिटलं.

तिथून तो दुकानात गेला आणि गार्लंडला सांगितलं. गार्लंडने ऐकलं, कपाटातली उरलेली चार करडी पिस्तुलं एकेक करून बाहेर काढून काउंटरवर ठेवली.

"मला का नाही सांगितलंस?" तो म्हणाला. "मी काय तुला खाल्लं असतं? पहिल्याच दिवशी परत पाठवली असती."

गार्लंड कधीच त्याच्यावर चिडला नसता, हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. भीती गार्लंडची नव्हतीच. एमेटने निवडलेलं पिस्तूल वाईट निघालं असं कुणी म्हणू नये, एवढ्यासाठी सगळं झालं होतं. त्याने दुकानाच्या किल्ल्या काउंटरवर ठेवल्या. गार्लंडने त्या उचलल्या नाहीत, पण परतही दिल्या नाहीत.

रीव्हाला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. त्या दिवसापासून ती ट्वायलाच्या घरी डबा नेऊन देऊ लागली, आणि एमेटला बरोबर चल असं कधी म्हणाली नाही.

पाच घरांना तो स्वतःची जुनी गाडी घेऊन फिरला. पैसे स्वतःचे, बदल्यात पिस्तूल परत. एकाने शिव्या घातल्या आणि पैसे मोजून घेतले. एका बाईने विचारलं की मी हे उशाखाली ठेवून चार महिने निर्धास्त झोपले, त्याचं काय, आणि त्याला उभं राहून ते ऐकावं लागलं. दोघांनी लगेच पिस्तूल देऊन टाकलं. सगळीकडे त्याने कारण खरंच सांगितलं. दर वेळी ते पहिल्याइतकंच जड गेलं. सवय झाली नाही.

शेवटी होबर्ट मॅडन. बायको गेलेली, शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, डोंगराच्या टोकाला एकटा राहणारा म्हातारा. त्याने एमेटला बसवलं, बिस्किटं आणि कॉफी पुढे केली. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली.

"माझं कधीच अडकलं नाही," तो म्हणाला.

"किती गोळ्या झाडल्यात?"

"चाळीस असतील."

एमेटने पुन्हा समजावलं. आकडा मऊ आहे, शंभरनंतर झिजतो, मी स्वतः खोलून पाहिलंय. होबर्ट समजूतदारपणे हसला. म्हणाला की त्या बाईचं वाईट झालं आणि तुझ्या मनाला लागलं, म्हणून तू आता स्वतःवरच सगळं ओढवून घेतोयस, पण तू हे निवडून दिलंस तेव्हा मी तुझ्यावर विश्वास ठेवला आणि अजूनही ठेवतो. एमेटने टेबलावर नोटा ठेवल्या. म्हाताऱ्याने त्या परत त्याच्या शर्टाच्या खिशात सारल्या.

त्यानंतर एमेट आणखी तीनदा त्या डोंगरावर गेला. एकदा गार्लंडने कपाटातलं ते जुनं रिव्हॉल्व्हर त्याच्या हातात दिलं होतं, तेही बदल्यात देऊ केलं. होबर्टने दर वेळी कॉफी पाजली, दर वेळी नाही म्हणाला. पिस्तूल दाराजवळच्या खुंटीला चामड्याच्या म्यानात टांगलेलं असे, आणि बोलता बोलता एमेटची नजर परत परत तिकडे जाई, आजवर त्यातून किती गोळ्या झडल्या असतील याचा हिशेब करत.