बारावं पॅड

सॅम्पलर कोणता घ्यायचा हे मास्तरांनी ठरवलं, मी नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्यात माझ्या बाजूनं सांगण्यासारखं एवढंच आहे.

मास्तर म्हणजे आमच्या ऑर्केस्ट्रातले ढोलकीवाले. मूळचे चांदवडकडच्या खेड्यातले, माझ्यापेक्षा चांगले पंधरा वर्षांनी मोठे. पंचवटीत एका किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत राहायचे. मी कीबोर्डवर. नव्वदीत आम्ही नऊजण होतो. मग गायिकेचं लग्न झालं, गिटारवाल्याला सातपूरच्या कारखान्यात नोकरी लागली, एकेक करत पांगले, आणि कुंभमेळ्याच्या आदल्या वर्षापर्यंत उरलो आम्ही दोघं. सुपारी द्यायला येणारी पार्टी आता दारातच विचारायची, ‘डीजे आहे ना?’ म्हणून मी दोन सीडी प्लेअर आणि एक मिक्सर घेतला. गाणी सीडीवर, वरून माझा कीबोर्ड आणि मास्तरांची ढोलकी, असा आमचा डीजे. लोक नाचायचे, पण मध्येच कोणीतरी ओरडायचं, टाळ्यांचा आवाज टाका, शिट्टी टाका, तो मोठा ढोल टाका. तो आम्ही कुठून टाकणार?

त्यासाठी सॅम्पलर लागतो. म्हणजे आवाज भरून ठेवायची पेटी. हवा तो आवाज आत भरायचा, रबरी पॅडवर बोट मारलं की तोच बाहेर येतो. मी कुठूनतरी मिळवलेल्या माहितीपत्रकांची पारायणं करत होतो. मास्तर म्हणाले, ‘कागद वाचून ढोलकी घेतो का कोणी? चल, ऐकून घेऊ.’

मुंबईला जुनी वाद्यं विकणाऱ्या एका दुकानात गेलो. आमच्या ऐपतीत बसतील अशी तीन मशीनं दुकानदारानं काउंटरवर मांडली. पहिलं भलंमोठं होतं, आवाज फ्लॉपीवरून आत घ्यायचं, लांबच लांब आवाज मावायचे. मी त्याच्या प्रेमातच पडलो. दुसऱ्याला छान निळा पडदा होता. तिसरं जेमतेम डब्याएवढं, आठ पॅडचं, एका कोपऱ्याला पोचा आलेलं, आणि त्याच्या पोटात अर्ध्या मिनिटाहून जास्त आवाज मावत नव्हता. बाकीचे एका छोट्या कार्डावर.

मी खटके नि बटणं बघत बसलो. मास्तरांनी एकच प्रश्न विचारला, ‘लाईट गेली तर?’

दुकानदारानं तिन्हींच्या पिना काढून परत लावल्या. पहिल्याची पाटी कोरी झाली होती. फ्लॉपी घातली तर ते कुरकुर करत बसलं. मास्तर म्हणाले, ‘इतका वेळ तर नवरी पण थांबत नाय.’ निळ्या पडद्याचं पॅड त्यांनी डोळे मिटून चारपाच वेळा दाबलं. ‘हे मागून बोलतंय. बोट आधी, आवाज मग.’ मला तर काही फरक कळला नव्हता. तिसरं चालू केल्याबरोबर तयार, आणि बोट टेकताच बोलत होतं.

मी कुरकुरलो. त्यावर हळू मारा नाहीतर जोरात, आवाज एकसारखाच यायचा. मास्तर हसले. ‘बरंच हाय की. तुझा हात कुठं हलका हाय?’

तेच घेतलं. त्यांनी वाजवून निवडलेलं वाद्य कधी वाईट निघालं नव्हतं, हेही निघालं नाही.

टाळ्या, शिट्ट्या, ढोल सगळं भरून झाल्यावर मला कल्पना सुचली, की मास्तरांची ढोलकीही भरून घ्यावी. म्हणजे मोठ्या आवाजात त्यांचा हात दबणार नाही, असं मी त्यांना सांगितलं आणि तेव्हा ते मला खरंही वाटत होतं. त्यांच्या खोलीत दुपारी बसलो. वहिनींनी पंखा बंद केला, शेजारणीला नळ सोडू नको म्हणून सांगून आल्या. मास्तरांनी एकेक थाप सुटी वाजवायची, ती विरेपर्यंत थांबायचं, मग पुढची. चाळीस वर्षं वाजवणारा माणूस त्या दुपारी घामाघूम झाला.

‘एकटी थाप कशी वाजवायची रे,’ ते म्हणाले. ‘तिच्या पुढं कोण नाय, मागं कोण नाय.’

तरी आठ थापा झाल्या. टाळ्या-शिट्ट्यांचा संच बटणानं बाजूला सारून मी त्या त्याच आठ पॅडवर लावल्या आणि एक साधा ठेका बोटांनी वाजवून दाखवला. हुबेहूब त्यांची ढोलकी. मास्तर मांडीवर हात ठेवून ऐकत होते. ‘झालं,’ ते म्हणाले. ‘आता मी नसलो तरी भागतंय.’ आणि हसले. मीही हसलो. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

आमच्या धंद्यात कोणाला काढून टाकत नाहीत. तसं तोंडावर बोलायची रीत नाही. फक्त निरोप जात नाही. मास्तरांकडे फोन नव्हता, त्यांचा निरोप पुढच्या किराणा दुकानात द्यायचा. शनिवारी संध्याकाळी मी दुकानात फोन करायचो, ‘मास्तरांना सांगा, उद्या चार वाजता निमाणीला.’ निमाणीच्या बसस्टँडवर मास्तर ढोलकी चादरीत गुंडाळून माझ्याआधी हजर असायचे. कुठं जायचं हे त्यांना तिथं आल्यावर कळायचं.

लासलगावच्या एका हळदीला पार्टीनं स्वतःची गाडी पाठवली. सामान चढवल्यावर एकाच माणसाची जागा उरत होती. या खेपेला एकटा जातो, पुढच्या खेपेला आहेतच मास्तर, असं मी मनाशी म्हटलं आणि त्या शनिवारी फोन केला नाही. कार्यक्रम झकास झाला. ढोलकीवाला कुठं आहे, असं एका माणसानंसुद्धा विचारलं नाही. पुढच्या खेपेला गाडीत जागा होती. तरी मी फोन केला नाही.

भांडण नाही, शब्द नाही. गरज सरो वैद्य मरो, इतकं साधं ते होतं.

एकटा वाजवायला लागल्यावर दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, मी चुकतो. पूर्वीही चुकत असणार, पण तेव्हा मास्तर दोन मात्रा इकडच्या तिकडं करून मला सावरून घ्यायचे, भुवई उडवायचे आणि कोणाला पत्ता लागायचा नाही. मशीनला एकदा ठेका दिला की ते तोच फिरवत राहतं, कोणासाठी थांबत नाही. चुकलो की सवयीनं मी डावीकडं बघायचो. तिथं स्पीकरचं खोकं असायचं. दुसरी गोष्ट जेवणाची. मांडवात वाजवणाऱ्यांना मागच्या बाजूला वाढतात. आम्ही दोघं होतो तेव्हा मास्तर माझ्या ताटातली जिलबी न विचारता उचलायचे आणि मी दर वेळी चिडायचो. आता जिलबी ताटात तशीच राहायची. जेवणाऱ्यांच्या एवढ्या गर्दीत मी पाठ करून भराभर जेवायचो आणि वायरी गुंडाळायला निघून जायचो. किती एकटं वाटायचं हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगायला होतं तरी कोण?

काही महिन्यांनी तो किराणा दुकानदार भाजीबाजारात भेटला. मी तोंड चुकवणार एवढ्यात त्यानंच हाक मारली.

‘तुमचे मास्तर दर शनिवारी संध्याकाळी दुकानात येऊन बसतात हो,’ तो म्हणाला. ‘एक काडेपेटी घेतात आणि तासभर बसतात. फोन आला का, असं कधी विचारत नाहीत. मीच काय ते समजून घेतो.’

‘सध्या कामं कमी आहेत,’ मी म्हणालो. माझ्या हातातल्या पिशवीत नवीन वायरींचं भेंडोळं होतं, ते त्यानं बघितलं. त्या शनिवारी तरी मी फोन करायला हवा होता. केला नाही, कारण आता फोन केला तर इतके दिवस का केला नाही हे सांगावं लागलं असतं. लाजेपायी माणूस किती नीच वागू शकतो हे मला माझ्याकडूनच कळलं.

अशी पाचेक वर्षं गेली. मग एक दिवस ते कार्ड मेलं. मशीन चालू झालं, पण पोटात काही नाही. टाळ्या गेल्या, शिट्ट्या गेल्या, मास्तरांच्या आठ थापा गेल्या.

नवीन मशीन घ्यायला मी एकटा गेलो. या वेळी सायबर कॅफेत बसून सगळी माहिती काढली होती, तरी दुकानात माझ्या तोंडून मास्तरांच्याच सुरात निघालं, ‘लाईट गेली तर?’ बारा पॅडचं घेतलं. महाग नव्हतं, लागलीच बोलणारं होतं. बाकीचे आवाज परत मिळाले. ढोलकीसाठी तयार आवाजांची सीडी आणली, ती भरली, आणि दोन कार्यक्रम वाजवले. आवाज स्वच्छ होता. पण बोटाखाली कोणीतरी परका माणूस वाजवतोय असं वाटत राहायचं. तिसऱ्या कार्यक्रमाआधी मी मास्तरांच्या खोलीवर गेलो.

मास्तर आता द्राक्षांच्या एका कोल्ड स्टोरेजच्या गेटवर ड्युटी करत होते. खाकी शर्ट खुंटीला होता, त्याच्या शेजारी ढोलकी. मला बघून ते उठले नाहीत.

‘अडला हरी,’ ते म्हणाले आणि थांबले. ‘पुढचं मी बोलत नाय. त्यात गाढव मीच हाय.’

मी माफी मागायला लागलो तर त्यांनी हातानंच गप्प केलं. स्टोव्ह पेटवायला वहिनींनी कोनाड्यातून काडेपेटी काढली. कोनाड्यात आणखी बऱ्याच होत्या. मी दुसरीकडं बघितलं.

चहा झाल्यावर मास्तरांनी नवीन मशीन मांडीवर घेतलं, पॅड दाबून बघितली, मान हलवली. ‘बारा हायत म्हण की.’ मग ढोलकी काढली, तिच्या दोऱ्या ओढून घेतल्या, आणि एकेक सुटी थाप द्यायला लागले. हात थोडा जड झाला होता, पण थाप तीच होती. अकरा झाल्या. बारावीसाठी मी त्यांना उठाव मागितला. गाणं सुरू होण्याआधी ढोलकी एक छोटा तुकडा वाजवून गाणं उचलून देते, तो उठाव. मास्तरांचा उठाव ऐकला की मांडवात बसलेले लोक आपसूक उभे राहायचे.

मास्तरांनी ढोलकी बाजूला ठेवली.

‘तो नाय देणार,’ ते म्हणाले. ‘तो लागला तर मला बोलव.’

पुढच्या शनिवारी मी किराणा दुकानात फोन केला. ‘मास्तरांना सांगा, उद्या सकाळी सातला निमाणीला.’ दुकानदारानं वेळ लिहून घेतली. मग म्हणाला, ‘सांगतो.’

सकाळी ते माझ्याआधी उभे होते. चादर तीच होती. नांदगावला दुपारचा साखरपुडा होता. मी त्यांची खुर्ची माझ्या डाव्या हाताला मांडली, पुढं माइक लावला. पहिल्या गाण्याला त्यांनी उठाव वाजवला आणि खरंच, मागच्या रांगेतल्या बाया उठून उभ्या राहिल्या. मग मी पॅड दाबायला लागलो, आणि मास्तरांनी हात ढोलकीवरून काढून मांडीवर ठेवले.

मी खूण केली, वाजवा. त्यांनी मान हलवली. त्यांच्या अकरा थापा स्पीकरमधून निघत होत्या, त्यावर तेच काय वाजवणार? दर गाण्याला एक उठाव, आणि मग ते हात मांडीवर घेऊन आपलीच ढोलकी ऐकत बसायचे. तिसऱ्या गाण्यात मी चुकलो. डावीकडं बघितलं. मास्तर होते. त्यांचा हात अर्धा वर आला, पण मशीन पुढं निघून गेलं होतं. तो हात त्यांनी हळूच खाली घेतला.

जेवताना माझ्या ताटातली जिलबी मी त्यांच्याकडं सरकवली. ‘आता साखर हाय मला,’ ते म्हणाले. परतीच्या टेम्पोत चांदवड मागं पडल्यावर त्यांनी ढोलकीची चादर घट्ट केली.

‘सोमवारी ये,’ मग म्हणाले. ‘तो उठाव पण भरून घे. एवढ्यासाठी माझी रजा जाती. आणि बसून ऐकायला लय जड जातं रे.’

येतो म्हणालो. गेलो नाही.

आता प्रत्येक सुपारीच्या आदल्या शनिवारी मी दुकानात फोन करतो. ते तिथंच बसलेले असतात, दुकानदार फोन त्यांच्याकडं देतो. मी निमाणीची वेळ सांगतो, ते सांगतात ड्युटी हाय, जमायचं नाय. दोघांनाही ते आधीच माहीत असतं.

‘भरलास का तो उठाव?’ ते विचारतात.

‘नाही.’

‘मग गाणं कसं उचलतोस?’

‘तसंच सुरू करतो.’

मागं दुकानात कोणीतरी साखर मागत असतं.

‘कानाला खटकत असंल,’ मास्तर म्हणतात.

‘खटकतं,’ मी म्हणतो.