वेरोनिकाचं दार

औषधाच्या दुकानात मी पहिल्यांदा तोंड उघडलं, तेव्हा काउंटरमागची मुलगी हसू दाबत म्हणाली, "अगं, तू माझ्या पणजीसारखी बोलतेस."

तिचं बरोबर होतं. सिसिलीची भाषा मी गेर्लांदामावशींकडून शिकत होते आणि मावशींनी ऐंशी कधीच ओलांडली होती. भाजी महाग वाटली की मी भाजीवाल्याला म्हणायचे, "तुझ्या तराजूला वाळवी लागो." तो हसून दोन संत्री जास्त टाकायचा. गावाची माझ्यामुळे बरीच करमणूक होत होती. करमणूक करणं हा माझा मूळचा धंदाच, पण हे कुणाला ठाऊक नव्हतं.

मी रोमेनियाची, नटी. याश शहरात रीतसर अभिनय शिकले, मग एका छोट्या शहराच्या नाट्यगृहात राण्या, मोलकरणी, कोल्हीण, एकदा तर ढगसुद्धा झाले. ते नाट्यगृह बंद पडलं आणि आमच्याकडच्या निम्म्या बायकांसारखी मीही इटलीची बस धरली, म्हाताऱ्या माणसांना सांभाळायला. मावशींचं खुब्याचं हाड मोडलं होतं. एकुलती एक मुलगी तुरीनला. पहिल्या दिवशी पलंगावरून त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"काय येतं तुला?"

"नाटकात काम करता येतं," मी म्हणाले. दुसरं काही खरं सांगण्यासारखं नव्हतं.

"छान. मग मी हलकी आहे असं नाटक कर आणि उचल मला."

तिसरं वर्ष लागलं तोवर मला मावशींची पाठ पाठ झाली होती, तीळ कुठे, दुखतं कुठे, सगळं. आणि रंगमंचाचं नाव काढायचं मी सोडून दिलं होतं. भांडी घासताना कधी जुनी वाक्यं ओठांवर यायची, तेव्हा नळ मोठा सोडायचे.

त्या वर्षी ईस्टरआधीचे उपवासाचे चाळीस दिवस सुरू झाले, तशा मावशी बेचैन झाल्या. आमच्या गावात गुड फ्रायडेला क्रूसाची मिरवणूक निघते आणि तिच्यातली पात्रं घरांना वाटलेली आहेत. माणसांना नव्हे, घरांना. येशू नळवाल्यांच्या घरातला. आणि वाटेत येशूचं तोंड पुसणारी, जिच्या ओढणीवर त्याचा चेहरा उमटला ती वेरोनिका आमच्या घरातली. मिरवणुकीच्या मंडळाचा प्रमुख काठीने तीनदा दार ठोठावतो, आतून त्या घरची बाई येते. दारातून कुणी आलं नाही, तर काठी पुढच्या घरावर जाते आणि मान कायमचा तिकडे. मावशी लग्न होऊन आल्या तेव्हा सासूने हा मान त्यांच्याकडे दिला होता. हाड मोडल्यानंतरही दोनदा त्या चौकटीला धरून, दात आवळून उभ्या राहिल्या होत्या. आता उभंही राहवत नव्हतं.

"या वर्षी तू जायचं," त्या म्हणाल्या. मी त्यांच्या पायांना तेल लावत होते.

"मी? मावशी, मी इथली कुठे आहे?"

"मग काय वाटेवर उभी आहेस? तेल चोळ नीट."

मी चोळत राहिले. पण छातीत असं काही धडधडायला लागलं, जसं पडदा उघडण्याआधी व्हायचं. मला ते हवं होतं. इतकं हवं होतं की माझीच मला भीती वाटली.

बातमी पसरायला इथे खिडकी उघडावी लागत नाही. दुसऱ्याच दिवशी मंडळाचे प्रमुख लिबोरियोकाका आले. खिळे-स्क्रू विकणारा माणूस, बोलणंही तसंच, मोजून.

"मावशी, मान शेजारच्या नुंझियाच्या घराकडे जाऊ द्या. ती माझी भाची आहे म्हणून म्हणत नाही."

"म्हणूनच म्हणतोयस. बस. त्या खुर्चीत टेकू नकोस, मोडकी आहे."

"ही बाई परकी, ऑर्थोडॉक्स पंथाची. हिचा ईस्टरसुद्धा आपल्यापेक्षा उशिरा येतो."

"म्हणजे ही त्या बिचाऱ्यासाठी दोनदा रडणार. तुझ्या मंडळातलं कोण एकदा तरी रडतं?"

"घरची बाई लागते, मावशी. रीत आहे."

"मग विचार तिला, या घरात मीठ कुठे असतं. मला विचारू नकोस, मला ठाऊक नाही. तिने जागा बदललीय."

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"खिडकीच्या वरच्या फळीवर," मी म्हणाले. "खाली ठेवलं की ओल धरतं."

काकांनी फळीवर नजर टाकली. मग "मंडळ बघेल" म्हणून टोपी घालून गेले. मंडळाने काय बघितलं, हे कुणी कळवलं नाही.

मी मात्र तालमीला लागले. उशी उभी करून तिला येशू केलं, पांढरी ओढणी घेतली, आणि शिकले होते ते सगळं ओतलं. दारातून धाव घेतली, थबकले, हात थरथरवले, गुडघ्यावर कोसळले.

"कोण बुडालं?" मावशींनी पलंगावरून विचारलं.

"मी दुःख दाखवतेय."

"दुःख त्याचं आहे. तू तोंड पूस. चढ चढून आलेला असतो, घाम डोळ्यांत गेलेला असतो, त्यात तो रक्त म्हणून लावलेला लाल रंग. रगडलंस तर शिवी देईल, येशू असला तरी."

"मग कसं पुसू?"

"रोज सकाळी मला काय झोपेत पुसतेस?"

मी फडकं ओलं करून आणलं आणि मावशींचं तोंड पुसलं. आधी कपाळ. मग डोळे, नाकाकडून बाहेर. गाल, आणि शेवटी हनुवटी. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. पुसून झाल्यावरही उघडले नाहीत.

"हे कर," त्या म्हणाल्या. "बाकीचं तुझ्या त्या नाट्यगृहासाठी ठेव."

त्या नाट्यगृहासाठी. जणू असं काही अजून होतं, आणि मी कधीतरी तिथे जाणार होते.

गुड फ्रायडेला दुपारी मी मावशींना न्हाऊ घातलं, काळी शाल पांघरवली आणि खुर्ची दारामागे आणली. मग पांढरी ओढणी घेऊन मी दाराशी उभी राहिले. ढोल खालच्या गल्लीतून वर येऊ लागला. पुढे काठीचा आवाज, दगडावर टक, टक. तो जवळ आला, आमच्या दारासमोर आला आणि पुढे गेला.

मावशींनी शालीचं टोक मुठीत धरलं.

मग ढोल चुकला. एक ठोका पडला, दुसरा पडलाच नाही. मी फटीतून पाहिलं. नळवाल्यांचा रोझारियो, खांद्यावर क्रूस, आमच्या दाराकडे तोंड करून उभा होता.

"चल रे," लिबोरियोकाका दबक्या आवाजात म्हणाले.

"तोंड पुसायचंय."

"पुढच्या दारातून नुंझिया येईल. आठ पावलं चाल."

"माझ्या बापाचं इथेच पुसलं. त्याच्या बापाचंही इथेच," रोझारियो म्हणाला. "ठोका काका, खांदा जातोय माझा."

"मावशींना उभं राहवत नाही."

"मावशींना कोण बोलावतंय? ती आहे ना आत."

मग वरच्या गॅलरीतून कुणाची तरी आजी म्हणाली, "लिबोरियो, अंधार पडायच्या आत वर पोचायचंय. देव थांबलाय, तू का अडलायस?"

काठी तीनदा वाजली.

मी दार उघडलं. धावले नाही. चार पावलं चालून गेले आणि पुसलं. कपाळ, डोळे, गाल.

"डावा अजून चुरचुरतोय," रोझारियो ओठ न हलवता म्हणाला. मी डावा डोळा पुन्हा पुसला. मग ओढणीची घडी उलगडून, आत रंगवलेला येशूचा चेहरा लोकांना दाखवला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. लिबोरियोकाकांनीही, सगळ्यांत शेवटी.

पुढे पालेर्मोच्या एका नाट्यगृहात मला कामं मिळाली, अजूनही मिळतात. टाळ्या मिळतात, आवडतातही. पण त्या गल्लीने मला जे दिलं त्याला काय म्हणायचं, ते माझ्या दोन्ही भाषांत सापडलेलं नाही.

रीतीप्रमाणे वेरोनिकाने पुढे टेकडीवरच्या चर्चपर्यंत चालायचं असतं. त्या दिवशी निघताना मी मागे वळून पाहिलं. उघड्या दारात मावशी खुर्चीवर बसल्या होत्या आणि कोंबड्या हाकलाव्यात तसा हात हलवत होत्या, जा, जा. मी बायकांच्या रांगेत शिरले. कोण जागा देईल, कळत नव्हतं. तेवढ्यात एका बाईने माझा दंड धरून मला स्वतःच्या बाजूला ओढलं. नुंझिया होती, काकांची भाची.

"भिंतीच्या कडेने चाल," ती म्हणाली. "मधले दगड मेणबत्त्यांच्या मेणाने निसरडे झालेत." आणि हातात हात अडकवून ती चढ चढू लागली.